दोन टनांची गाडी आणि चौदा किलोमीटरचा रस्ता

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. दिल्ली पासिंगची २०१५ ची लांब जर्मन डिझेल सेडान, ९२ हजार किलोमीटर चाललेली. नवी होती तेव्हा कोटीच्या वरची, आता २१ लाखांत मिळते आहे. बाबांना हौस आहे. तुमचं गाव कारंजा लाडपासून चौदा किलोमीटर आत, त्यातल्या सहा किलोमीटरचं डांबर उखडलेलं. जिनिंगचा धंदा, महिन्यातून दोनदा नागपूर, आणि हंगामात घरची लग्नं. तुम्ही विचारलंत, "काका, आपल्या रस्त्यानं टिकन का हे? एवढ्या पावरचं करायचं काय? अन् बिघडली तं पाहीन कोण?"

शेवटचा प्रश्न सोपा आहे, तो आधी उरकतो. पाहणारे आहेत. मी अकरा वर्षं नागपुरात कंपनीच्या वर्कशॉपात याच वर्गातल्या गाड्या उघडल्या, आणि गेली नऊ वर्षं यवतमाळला दारव्हा रोडवर माझं स्वतःचं शेड आहे. पार्ट नागपूर-मुंबईहून येतो, दोन-चार दिवस लागतात. गाडीच्या संगणकातले दोष वाचणारा स्कॅनर आता बऱ्याच जणांकडे आहे. स्कॅनरनं दाखवलेलं वाचून विचार करणारा माणूस कमी आहे, पण सापडतो.

आता पावर. त्याच सुमाराच्या मर्सिडीझ एस-क्लासचं उदाहरण घेतो, कारण ती आपल्याच राज्यात चाकणला जुळवली जायची आणि तिचे आकडे मला पाठ आहेत. तीन लिटरचं व्ही-सिक्स डिझेल इंजिन, २५८ हॉर्सपॉवर, ६२० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवायची ताकद. शून्य ते शंभर ६.८ सेकंदांत. वरचा वेग २५० ला इलेक्ट्रॉनिक्सनं बांधून ठेवलेला. ६२० म्हणजे किती ते समजायला घरचा ट्रॅक्टर आठवा. पन्नास हॉर्सपॉवरच्या ट्रॅक्टरचा टॉर्क दोनशेच्या आसपास असतो. म्हणजे असे तीन ट्रॅक्टर एका बोनटखाली, आणि तेही इंजिन मिनिटाला जेमतेम १६०० फेऱ्यांवर असताना.

पण सपाट रस्त्यावर ताशी १२० नं चालत राहायला यातलं लागतं किती? मी एकदा वहीत हिशेब मांडला होता. या गाडीचा हवेच्या विरोधाचा गुणांक ०.२४, समोरचं क्षेत्रफळ अडीच चौरस मीटरच्या आत. हवा कापायला सतरा-अठरा हॉर्सपॉवर, टायरच्या घसटीला आठ-नऊ, एसी आणि अल्टरनेटर धरले तरी तीस-पस्तीसच्या वर जात नाही. बाकीचे सव्वादोनशे घोडे पागेतच उभे. ते लागतात ओव्हरटेकला आणि चढाला. आणि मुख्य म्हणजे इंजिनाला धावपळ करावी लागू नये म्हणून. शंभरच्या वेगाला शेवटच्या गिअरमध्ये फेऱ्या दीड हजाराच्या आसपास असतात. आत जी शांतता वाटते तिचा मोठा हिस्सा इथून येतो, काचा आणि गादी नंतर. समृद्धी महामार्गावर सपाटीला गाड्यांची मर्यादा १२० च आहे, त्यामुळे २५० चं स्वप्न बाबांना आधीच विसरायला लावा.

पावरीपेक्षा मोठी गोष्ट आहे वजन. लांबी सव्वापाच मीटर, दोन चाकांमधलं अंतर ३१६५ मिलिमीटर, वजन दोन टनांच्या आसपास. तळेगाव दशासरचा शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, पाहिला असेल तर आठवा, पटाच्या छकड्याचं लाकूड तासून तासून हलकं करतात. इथे उलटं आहे. जाड काचा, मोटारींची आसनं, आवाज अडवणारे थर, एअरबॅगा असं सगळं भरत गेले, आणि मग ते वजन बसणाऱ्याला जाणवू नये म्हणून आणखी यंत्रं भरली. ऑडीनं १९९४ च्या ए-८ मध्ये सांगाडाच ॲल्युमिनियमचा केला, बीएमडब्ल्यूनं २०१५ च्या सेव्हन सिरीजमध्ये कार्बन फायबरच्या पट्ट्या घातल्या. तरी गाडी हलकी झाली असं कुणी म्हणणार नाही. या गाडीत जे जे भारी वाटतं, ते या दोन टनांना लपवायचं काम करतं. आणि लपवणारं यंत्र थकलं की दोन टन एकदम अंगावर येतात.

ब्रेकचंच बघा. ताशी १२० वरून ही गाडी थांबवायची तर जेवढी उष्णता डिस्कमध्ये जाते तेवढ्यात साडेतीन लिटर पाणी खळखळून उकळेल. एका थांब्याला जिनिंगवरच्या अख्ख्या पाळीचा चहा. ८० वरून थांबवलं तर ती उष्णता निम्म्याहूनही कमी, कारण वेग दीडपट झाला की हिशेब सव्वादोनपट होतो. म्हणून सेकंडहँड गाडीत पॅड किती उरलेत एवढं पाहून भागत नाही. डिस्कला कड आली आहे का, ब्रेक ऑइल कधी बदललं, हेही विचारा. ब्रेक ऑइल हवेतली ओल पितं, आणि ओल प्यायलेलं ऑइल तापलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. मग पेडल स्पंजासारखं दबतं. दोन वर्षं झाली की बदलायचं, किलोमीटर कितीही असोत. आजच्या धाटणीचं एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारं तंत्र, पहिल्यांदा याच वर्गात आलं, १९७८ साली बॉशनं बनवलेलं एस-क्लासमध्ये, आणि आपल्याकडे सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीचं व्हायला २०१९ उजाडलं. तेव्हा ही गाडी दहा वर्षांची असली तरी तंत्रानं म्हातारी नाही. म्हातारं होतं ते तिचं रबर.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर याच रबरात आहे. या गाड्यांना आपल्या जीपसारखे पाटे नाहीत, साध्या सेडानसारखी स्टीलची स्प्रिंगही बहुतेकींना नसते. चारही कोपऱ्यांवर हवेचे फुगे असतात, आम्ही त्यांना बलूनच म्हणतो. स्टीलच्या स्प्रिंगचा कडकपणा ठरलेला असतो, म्हणून एकटा माणूस बसला की गाडी ताठ वाटते आणि पाच माणसं नि डिकीभर सामान झालं की पोट खाली येतं. बलूनमध्ये वजन वाढलं की कॉम्प्रेसर हवा भरतो, उंची तीच राहते, आणि दाब वाढला की कडकपणाही आपोआप वाढतो. त्यामुळे रिकामी असो की भरलेली, गाडी एकाच तालात डुलते, सेकंदाला साधारण एकदा. माणसाच्या पाठीला नि पोटाला सगळ्यात जास्त सतावतात ते सेकंदाला चार ते आठ बसणारे हादरे. बंडीतून पांदणीनं घरी आलेल्या माणसाला विचारा, तो सांगेल. सेकंदाला एक हेलकावा म्हणजे झोका.

हा झोका ज्यावर उभा आहे ते रबर दोन-तीन मिलिमीटर जाड, आत दोऱ्यांचं जाळं. गाडी वरखाली झाली की त्याची घडी स्वतःवरच गुंडाळते आणि उलगडते. आपल्या काळ्या मातीची धूळ त्या घडीत शिरली की पॉलिश पेपरासारखी घासते. मे महिन्यात ४५-४६ अंशांत टिनाच्या शेडखाली उभी राहिली की रबर कडक होतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे गाडी महिना महिना जागची हलली नाही तर घडी एकाच जागी बसून तिथे चिरा पडतात. रोज चालणारी गाडी यातून बरीचशी वाचते, कारण घडीची जागा बदलत राहते.

एका कापूस व्यापाऱ्याची अशीच लांब गाडी माझ्याकडे आली होती. दिवाळीत घेतली, दोन लग्नं केली, मग होळीपर्यंत गोदामात झाकून ठेवली. काढायला गेले तर पुढची डावी बाजू चाकावर टेकलेली. ड्रायव्हर म्हणाला, "चालू केली तं उचलते, बाप्पा, काही होत नाही." उचलायची खरी, आणि रात्री पुन्हा बसायची. असे तीन आठवडे गेले. एका दिवशी उचललीच नाही, आणि त्यानं तशीच टेकलेली गाडी तीन किलोमीटर हायवेपर्यंत चालवली. माझ्या शेडात मी शॅम्पूच्या बाटलीत साबणाचं पाणी करून बलूनवर शिंपडलं. जुन्या घडीच्या जागी साबुदाण्याएवढा एक बुडबुडा येत होता. तेवढीच गळती. पण तेवढी भरून काढायला कॉम्प्रेसर रोज तासंतास चालला, तापला, शेवटी जळला. कॉम्प्रेसरपाशी ओल शोषणारे दाणे असतात, ते भिजून गेले आणि ओल व्हॉल्व्हच्या ठोकळ्यात उतरली. शिवाय टेकलेल्या गाडीनं बलून फाडला तो वेगळाच. एका बलूनचं काम तीन कामांवर गेलं. रस्त्यानं यातलं काहीच केलं नव्हतं. गाडी उभी राहूनच खलास झाली.

म्हणून तुमचं सहा किलोमीटरचं उखडलेलं डांबर मला फार घाबरवत नाही. वीस-पंचवीसच्या वेगानं, गाडी वर उचलायचं बटण दाबून गेलात तर बलून ते हसत सहन करतील. उचलणं म्हणजे तीन सेंटीमीटरच, पण तेवढ्यानं फरक पडतो. अडचण दोन ठिकाणी. एक टायर. १९ इंची रिमवरचा २४५/४५ टायर घेतला तर रस्ता आणि रिम यांच्या मध्ये रबर उरतं अकरा सेंटीमीटर. बोलेरोच्या २१५/७५ टायरला ते सोळा असतं. खड्ड्याची धार बोलेरो गिळते, ही गाडी रिमवर घेते. रिम वाकलं की ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं, आणि लोक अलाइनमेंटवर पैसे घालत बसतात. शक्य असेल तर १८ इंची रिम बघा, मालकाच्या पुस्तकात ते माप दिलेलं असेल तर. दिसायला जरा साधी वाटेल, पण टायरची भिंत सेंटीमीटरभर वाढते.

दुसरी अडचण पोटाची. दोन चाकांत सव्वातीन मीटरच्या जवळ अंतर असलं की ब्रेकरवर मधला भाग टेकतो, मग जमिनीपासूनची उंची कागदावर कितीही असो. आपल्याकडे गावोगावी मुरूम-गिट्टीचे हातानं केलेले ब्रेकर आहेत, त्यांना कसलं माप नसतं. ते तिरपे घ्यायचे, एका वेळी एक चाक. खाली प्लॅस्टिकचं आवरण असतं, ते गाडी घेताना पूर्ण आहे का बघा. मेकॅनिक ऑइल बदलताना ते काढतो आणि चार स्क्रू कमी लावतो. आवरण लोंबलं की दगड थेट इंजिनच्या ऑइलच्या चेंबरला.

उन्हाबद्दल एवढंच सांगतो की इंजिन गार ठेवणाऱ्या कूलंटमध्ये बोअरचं पाणी एक थेंबही टाकू नका. तुम्ही अकोल्याच्या बाजूला येत-जात असाल तर खारपाणपट्टा तुम्हाला सांगायला नको. ते पाणी ॲल्युमिनियमचं रेडिएटर आतून खातं. ड्रायव्हरला हे तोंडी सांगून भागत नाही, डिकीत तयार कूलंटचा डबाच ठेवा.

आता डिझेलच्या धुराची जाळी, ज्याला डीपीएफ म्हणतात. गाडीला ती आहे की नाही हे आधी कागदावरून आणि स्कॅनरवरून पक्कं करा. ती काजळी धरून ठेवते आणि मधूनमधून स्वतःला तापवून जाळून टाकते. त्यासाठी तिला सलग पंधरा-वीस मिनिटं मोकळा रस्ता लागतो. घर ते जिनिंग चार किलोमीटर, जिनिंग ते घर चार किलोमीटर, एवढ्यावर ती कधीच नीट तापत नाही. जाळायला जास्तीचं डिझेल सोडलं जातं, गाडी मध्येच बंद केली की त्यातलं काही सिलिंडरच्या कडेनं खाली चेंबरात उतरतं. ऑइलची पातळी वाढत चालली आणि वास डिझेलचा येऊ लागला तर समजा हेच चाललं आहे. ऑइल वाढलं म्हणून खूश होणारे मालक मी पाहिलेत. आणि वरात! ४४ अंशांत, एसी चालू, बॅंडच्या मागे ताशी चार किलोमीटरनं तास-दीड तास. या गाडीचा याहून वाईट उपयोग मला सुचत नाही. वरातीला जीप सजवा, नवरीच्या पाठवणीला ही काढा.

यावर औषध तुमच्या दारात आहे. नागपूर ते शिर्डी समृद्धीचा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला तेव्हापासून माझ्याकडच्या मोठ्या डिझेल गाड्यांची जाळी तुंबण्याची तक्रार कमी झाली, हा माझ्या शेडातला अनुभव. कारंज्याला चढा, मेहकरच्या दिशेनं शंभराच्या वेगात अर्धा तास जा, परत या. आठवड्यातून एकदा. बलून हलतात, जाळी साफ होते, बॅटरी भरते. मात्र टायर सकाळी थंड असतानाच तपासून, दाराच्या चौकटीवरच्या किंवा डिझेलच्या झाकणामागच्या स्टिकरवर लिहिल्याप्रमाणे हवा भरून. काँक्रीटवर तापलेला, हवा कमी असलेला टायर आतल्या आत वाकून वाकून आणखी तापतो आणि फुटतो. नायट्रोजन भरा म्हणून कुणी मागे लागलं तर भरा, हरकत नाही, पण साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. टायरच्या भिंतीवर शेवटी चार अंक असतात. २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. सहा वर्षांच्या वरचा टायर कितीही नक्षीदार दिसला तरी समृद्धीवर नेऊ नका.

बॅटरीचा एक किस्सा सांगून पुढे जातो. एक जण स्कॅनरचा कागद घेऊन आला, त्यावर तेवीस दोष. स्टिअरिंग, ब्रेक, बलून, एअरबॅग, सगळंच. दुसऱ्या एका ठिकाणी त्याला तीन मोठे पार्ट सांगितले होते. मी आधी डिकीतल्या बॅटरीवर मीटर लावला. गाडी चालू करताना व्होल्टेज नऊच्या खाली जात होतं. नवी बॅटरी, दोष पुसले, गाडी वीस किलोमीटर फिरवली. तेविसातला एक परत आला, तोही दरवाज्याच्या वायरीचा, उंदरानं कुरतडलेली. या गाडीत कितीतरी छोटे संगणक आहेत आणि वीज कमी पडली की सगळे एकदम ओरडतात. सोयाबीनच्या गोदामाशेजारी गाडी ठेवणार असाल तर उंदीर आणि बॅटरी या दोन्हींचा बंदोबस्त आधी करा. महिनाभर बाहेर जाणार असाल तर चार्जर लावून जा.

गाडी बंद पडली तर साखळी बांधून टोचन करायचं नाही. हे ड्रायव्हरला, भावाला, मदतीला धावून येणाऱ्या शेजाऱ्याला, सगळ्यांना सांगून ठेवा. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला आतला ऑइलपंप फिरल्याशिवाय ऑइल मिळत नाही, आणि बसलेल्या बलूनवर ओढली की तो फाटलाच. सपाट पाठीची क्रेन लागते. गिअरबॉक्सचं ऑइल 'आयुष्यभराचं' असं दलाल सांगेल. पण याच वर्गातल्या अनेक गाड्यांचे गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान बदला म्हणते. तुमची ९२ हजारांवर आहे. बदललं असेल तर बिल दाखवा म्हणा.

दिल्लीची गाडी एवढी स्वस्त का, हेही मनात असेल. दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवरची तिथली बंदी सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये उचलून धरली, तेव्हापासून असा माल तिकडून खाली उतरतो. पुढे नियम कधी कडक, कधी सैल झाला, पण बाजारात भाव एकदा पडला तो पडलाच. म्हणजे स्वस्त आहे म्हणून खराबच असेल असं नाही. एनओसी, इथला टॅक्स आणि नवं पासिंग यांचा खर्च मात्र २१ लाखांत धरलेला नसतो, तो आरटीओत विचारून घ्या.

माझं मत विचाराल तर २१ लाखांखेरीज पाच लाख पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवता येत असतील आणि आठवड्याला एक फेरी समृद्धीवर होणार असेल तर घ्या. नागपूरला बाबांना मागे डावीकडे बसवा, ही गाडी त्या एका जागेसाठी बनवलेली आहे. आपल्याकडे मालक ड्रायव्हरशेजारी बसतो आणि कोटीची गाडी पुढच्या सीटवरून बघतो. मागे बसलं की लोक पुढारी समजतात, ही भीती. लग्नापुरतीच हवी असेल तर भाड्यानं आणा.

बघायला जाल तेव्हा रात्री तिथेच मुक्काम करा. संध्याकाळी गाडी सपाट जागी लावायला सांगा, बंद करून लॉक झाली की टेपनं चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत उभं माप घ्या आणि लिहून ठेवा. सकाळी तेच माप पुन्हा. चारही बाजू सेंटीमीटरभर सारख्या उतरल्या तर रात्रीच्या गारव्यानं हवा आकसली, काळजी नाही. एकच कोपरा दोन-तीन सेंटीमीटर बसला तर तिथे गळती आहे आणि भाव तिथून सुरू होतो. मग स्टिअरिंग पूर्ण वळवून टॉर्चनं बलूनची घडी बघा आणि साबणाचं पाणी मारा. आठही आकडे आणि टायरवरचे चार-चार अंक मला पाठवा, मी फोनवर सांगतो. सकाळचं माप दार उघडायच्या आधी घ्यायचं, कारण दार उघडताच गाडी जागी होऊन स्वतःला सरळ करून घेते. दलाल चावी घेऊन पुढे धावला तर आधी त्याला चहाला न्या.